तंजावरची बाहुली आणि बालकाची पारख

तंजावरची प्रसिद्ध डोलणारी बाहुली कितीही कलंडवली तरी पुन्हा उभी राहते; कारण तिचा गोल तळ जड असतो. ती चार वर्षांच्या मुलांपुढे ठेवली, तर एक मूल तिला पुनःपुन्हा ढकलून पाहते, दुसरे उचलून तळ निरखते, तिसरे सोबत्याला खेळू देते. प्रश्न विचारताच मात्र हीच मुले गप्प बसू शकतात. तेवढ्यावरून त्यांना मंद ठरविणे हा अन्याय होय. म्हणूनच २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी परीक्षा सर्वथा अयोग्य मानल्या. शिक्षिकेने खेळ पाहावा, तारखेसह टिपावा, काही आठवड्यांनी पुन्हा पाहावा आणि बालकाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी.