गाडीची नाडीपरीक्षा

मोटारगाडी पेट्रोलवर चालते, असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. टाकीतील पेट्रोल एंजिनापर्यंत पोचविणारा पंप आजकाल विजेवर चालतो. एंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटविणारी ठिणगीही विजेचीच असते. वीज दुबळी झाली, की टाकी काठोकाठ भरलेली असूनही गाडी दुबळी होते.

प्रारंभी विजेवर गाडीचा एवढा भार नव्हता. एंजिन सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूने लोखंडी दांडा घालून तो हाताने जोराने फिरवावा लागे. कधी हा दांडा उलट फिरे आणि फिरविणाऱ्याचा हातच मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली हे काम विजेकडून करून घेण्याची युक्ती साधली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसविली गेली. आपल्याकडे ज्याला ‘सेल्फ मारणे’ म्हणतात, ते तेव्हापासून रूढ झाले. पुढे दिवे, पाणीपुसणी, पंखा, पंप अशी एकेक कामे विजेकडे येत गेली.

ही वीज येते कोठून? गाडीत विजेचे दोन आधार असतात. पहिला आधार म्हणजे बॅटरी. तिच्यात सहा घट असतात आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो; म्हणून निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते. दुसरा आधार म्हणजे एंजिनाच्या पट्ट्याने फिरणारे जनित्र. गॅरेजात त्याला अल्टरनेटर म्हणतात. एंजिन चालू झाले, की तो सुमारे १४ व्होल्ट दाबाने सर्व गाडीला वीज पुरवितो आणि बॅटरीही भरीत राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. वीज दिव्यापर्यंत जाऊन तेथेच संपत नाही. तिला परतीची वाट लागते. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह ऋण टोकाकडे परत आला, तरच दिवा लागतो. गाडीत परतीसाठी प्रत्येक दिव्याला निराळी तार ओढीत नाहीत. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच सर्वांची परतीची वाट असते. कारागीर या वाटेला ‘अर्थिंग’ म्हणतात.

आता एका गाडीची हकीकत ऐका. कोकणातून कराडकडे जाणाऱ्या कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी एका लहानशा दवाखान्याची पेट्रोलवर चालणारी गाडी होती. आषाढातील एका रात्री अवघडलेल्या एका बाईला घेऊन ती कराडला निघाली. पाऊस कोसळत होता. चढण लागताच गाडीची शक्ती मंदावली, दिवे पिवळे पडले आणि दुसऱ्या वळणावर एंजिन बंद पडले. चालकाने घाबरून सर्व दिवे मालविले आणि किल्ली फिरविली, तो काय आश्चर्य! एंजिन चटकन सुरू झाले. थोडे अंतर जाताच पुन्हा तोच प्रकार झाला. थांबत थांबत, कशीबशी गाडी वेळेत पोचली आणि माय-लेकरू सुखरूप राहिले. पण पुढच्या वेळी काय होईल, या विचाराने डॉक्टरीणबाईंना झोप येईना.

गाडी दुरुस्तीला गेली. दिवे मंद होतात, अर्थात बॅटरी गेली, असे म्हणून नवी बॅटरी बसविली. अंगणात गाडी उत्तम चालली. आठ दिवसांनी पावसात पुन्हा तेच. मग अल्टरनेटर बदलला. गाडी पुन्हा अंगणात उत्तम चालली आणि पुन्हा घाटात दगा देऊ लागली. दवाखान्याचे हजारो रुपये गेले. रोग मात्र होता तेथेच राहिला.

शेवटी गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हातात पाना घेतलाच नाही. चालकाला जवळ बसवून ते विचारू लागले, “गाडी बंद पडते ती केव्हा?”

“रात्री, मिस्त्रीकाका.”

“दिवसा कधी बंद पडली?”

“नाही. कोरड्या रात्रीसुद्धा फारशी नाही. पाऊस आणि चढण असली म्हणजेच.”

“आणि बंद पडल्यावर सेल्फ कसा फिरतो?”

“एकदम जोरात.”

मिस्त्री हसले. “मग बाळ, बॅटरी बिचारी निर्दोषच होती. बॅटरी थकलेली असती, तर सेल्फ कण्हत फिरला असता. आणि जो रोगी रात्रीच तापतो, त्याला दिवसा तपासून काय मिळणार?”

त्यांनी एंजिन सुरू करविले, दिवे, पाणीपुसणी आणि पंखा ही सारी लावायला सांगितली आणि अंगणातच पावसाळी रात्र उभी केली. मग त्यांनी मीटर घेतला. बॅटरीच्या दोन टोकांवर दाब भरला १४.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक होते. पुढच्या दिव्याच्या दोन टोकांवर मात्र दाब भरला अवघा १०.९ व्होल्ट. वाटेत ३.२ व्होल्ट कोठे गेले?

वाटा दोनच होत्या. एक जाण्याची, एक परतीची. मिस्त्रींनी दोन्ही निरनिराळ्या मोजल्या. जाण्याच्या वाटेवर ०.२ व्होल्टची घट होती, ती क्षुल्लक होय. परतीच्या वाटेवर घट होती ३ व्होल्ट! आता परतीच्या वाटेचेही दोन भाग केले. एंजिनापासून बॅटरीपर्यंतच्या जाड तारेत ०.१ व्होल्ट, आणि सांगाड्यापासून एंजिनापर्यंत २.९ व्होल्ट. चोर घरात सापडला. सांगाडा आणि एंजिन यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी तेथे होती. ती वरून अगदी घट्ट व धडधाकट दिसत होती. मिस्त्रींनी तिचा बोल्ट सोडविला, तेव्हा पट्टीखाली गंजाचा आणि हिरवट मळीचा थर आढळला. कोकणची दमट, खारी हवा वर्षानुवर्षे आपले काम करीत होती.

एवढ्याशा गंजाने घाटात गाडी कशी अडविली? याचे उत्तर गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. वाटेत जितका रोध अधिक आणि जितका प्रवाह मोठा, तितका दाब वाटेतच अधिक खर्च होतो. प्रवाहाला रोधाने गुणले, की ही घट मिळते. त्या सांध्याचा रोध होता सुमारे ०.१ ओहम. दिवसा पंपासारखी थोडीच कामे चालू असत आणि त्या वाटेने सुमारे ५ अँपिअर प्रवाह परते. तेव्हा घट अर्धा व्होल्ट; ती कोणाच्या लक्षातही येत नसे. पावसाळी रात्री दिवे, पाणीपुसणी, पंखा ही सारी लागली, की प्रवाह सुमारे ३० अँपिअर होई, आणि घट ३ व्होल्टच्या घरात जाई. मग पेट्रोलचा पंप दुबळा पडे, तोही नेमका चढणीवर, जेथे एंजिनाला पेट्रोल सर्वांत अधिक हवे असते. दिवे मालविले, की प्रवाह कमी होई, घट कमी होई आणि पंपात पुन्हा बळ येई. सेल्फ मात्र जोरात फिरे, कारण तो एंजिनावरच बसविलेला होता. त्याची परतीची वाट त्या गंजलेल्या सांध्यावरून जातच नव्हती.

मिस्त्रींनी पॉलिश कागदाने सांधा चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि वर थोडे ग्रीस लावले. एवढ्यावर न थांबता त्यांनी पुन्हा सारे दिवे लावून मोजले. दिव्यावर आता १३.७ व्होल्ट होते. “मोजून सापडला, मोजूनच बरा झाला,” ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी पैसे विचारले, तेव्हा त्यांनी अर्ध्या तासाची मजुरी तेवढी घेतली.

आजच्या अनेक गाड्यांत संगणक असतो आणि तो बिघाडाचा संकेतांक दाखवितो. त्याचा उपयोग मोठा आहे. पण संकेतांक म्हणजे रोग्याची तक्रार होय, निदान नव्हे. ‘पंप दुबळा आहे’ एवढे तो सांगेल. पंप का दुबळा झाला, हे माणसालाच शोधावे लागते.

मुलांनो, चालू एंजिनाजवळ हात घालण्याचे धाडस तुम्ही करू नका. मिस्त्रींची रीत मात्र अवश्य उचला. गणित चुकले, सायकलचा दिवा लागेना किंवा विहिरीवरचा पंप पाणी ओढीना, म्हणजे लगेच नवी वस्तू आणण्यास धावू नये. बिघाड केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, ते आधी विचारावे. तो जसा होतो, तसाच पुन्हा घडवून पाहावा. वाटेचे दोन भाग करावेत आणि निर्दोष भाग बाजूला ठेवीत जावे. शेवटी जे उरते, ते बहुधा एखाद्या बोल्टाखालच्या गंजाइतके लहान असते.