काचेच्या गाभ्यातील फुले

रंगाने काढलेले फूल पृष्ठभागावर असते. काळाबरोबर ते पुसट होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये घडविलेली काचेची फुले मात्र काचेच्या आरपार आहेत. कितीही घासली तरी ती पुसली जात नाहीत. इसवी सनपूर्व 30 मध्ये टॉलेमी घराण्याची सत्ता संपून तेथे रोमन अंमल सुरू झाला. त्याच्या आगेमागे ही कला बहरली.

तिचे तंत्र कुणालाही अळूवडीवरून समजावे. उंडा कुठेही कापला तरी प्रत्येक वडीत तीच नक्षी दिसते. कारागीर रंगीत काचेच्या कांड्या देठ, पाने, पाकळ्या यांच्या आकारात जुळवीत आणि तापवून एकजीव करीत. मऊ झालेली ही जुडी ओढली की ती लांब व बारीक होई आणि आतील नक्षीही त्याच प्रमाणात लहान होई. थंड झाल्यावर तिच्या चकत्या कापीत. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या नक्षीत आणखी एक युक्ती असे. कांडीत अर्धेच चित्र घडवायचे, दोन चकत्या घेऊन एक उलटी करायची व शेजारी जोडायची. नाटकातील मुखवट्यांचे चेहरे असेच पूर्ण केलेले आढळतात.

निळा रंग कोबाल्टचा, अपारदर्शक लाल तांब्याचा, तर पिवळा शिसे व अँटिमनीचा. काही सेंटिमीटरच्या या चकत्या लाकडी पेट्या, फर्निचर आणि भिंती यांत जडवीत.

लाकूड कुजले, काच उरली. त्यातच अनेक तुकडे उत्खननातून नव्हे, तर पुरावस्तूंच्या बाजारातून संग्रहालयांत पोहोचले. त्यामुळे फूल हाती आले, पण ते कोणत्या घराचे, कोणत्या देव्हाऱ्याचे, हे कायमचे हरवले.

याउलट उदाहरण ग्रीसमधील केंख्रिआइ या कोरिंथच्या बंदराचे. तेथे 1960च्या दशकात, पाण्याखाली गेलेल्या इमारतीत, शंभराहून अधिक काचचित्रफलक खोक्यांत रचलेल्या अवस्थेत सापडले. ते इसवी सनाच्या चौथ्या शतकातील असून त्यांत नाईलकाठची कमळे व पक्षी आहेत. फलक भिंतीवर चढण्यापूर्वीच बंदरावर आपत्ती कोसळली, हे कळले ते खोकी जागच्या जागी सापडली म्हणूनच.

काचेतील फूल कोमेजत नाही. त्याची कहाणी मात्र ते मातीतून कसे उचलले जाते, यावर अवलंबून असते.