झाडपाल्याचं औषध : कुणाला, किती, कशाबरोबर

बचत गटांच्या बैठकांतून आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतो. "गोळ्यांनी अंगात उष्णता होते, त्यापेक्षा झाडपाल्याचं बरं नाही का? त्याचा अपाय तर काही नसतो." झाडपाल्याचं बरं की गोळी बरी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण "अपाय नसतो" हे खरं नाही, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आम्ही घरच्या औषधांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकू. सर्दीला आलं-तुळशीचा काढा, पोटात वायू धरला तर चिमूटभर ओवा, घसा धरला तर हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हे आपल्या आजीपासून चालत आलंय आणि त्यानं बरं वाटतं. शौचाला साफ होत नसेल तर इसबगोलासारखं साधं औषध नाही, डॉक्टरसुद्धा तेच देतात. फक्त ते मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं. कोरडं तोंडात टाकलं तर घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं. आणि दुसरी काही गोळी चालू असेल तर दोघांत दोनेक तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळीचा गुण कमी पडतो. बघा, इतक्या साध्या औषधालाही घेण्याची रीत आहेच.

झाडात औषध असतं हे तर विज्ञानानंच दाखवून दिलंय. बांधावरचा अडुळसा घ्या. त्याच्या पानातल्या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, ते आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. त्याहून मोठी गोष्ट सर्पगंधेची. आपल्याकडे वैद्य ती झोप न येणाऱ्याला, डोकं भडकलेल्याला देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन बारकाईनं नोंदी ठेवल्या आणि 1949 साली त्या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. मग साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 साली तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याचं नाव रेसरपिन. पुढे कितीतरी वर्षं जगभर ती गोळी रक्तदाबावर दिली जायची.

पण गोष्ट इथंच संपत नाही. त्याच गोळीनं काही जणांचं नाक चोंदायचं, नाडी मंदावायची, आणि काहींचं मन इतकं खचायचं की जगणं नको व्हायचं. पुढे तिच्यापेक्षा सोसणारी औषधं आली आणि ती मागं पडली. मुळी तीच, गुण तिचाच आणि दोषही तिचाच. जे झाड रक्तदाब खाली आणू शकतं, ते नको तितका खालीही आणू शकतं. गुण करायची ताकद आहे म्हटलं की अपाय करायची ताकद आलीच. ज्याचा कुणालाच कधी काहीच अपाय होत नाही, त्याचा गुण तरी काय असणार?

म्हणून कुठलंही औषध घेताना तीन गोष्टी विचारायच्या. कुणाला द्यायचंय, किती द्यायचंय आणि कशाबरोबर.

कशाबरोबर, हे आपण सगळ्यात कमी विचारतो. सासूबाईंना साखरेची गोळी चालू आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेली मेथी आणि वरून जांभळाच्या बियांची पूड सुरू केली. कारलं आणि मेथी साखर थोडी खाली आणतात हे खरं आहे. गोळीही खाली आणते. दोन्ही मिळून साखर एकदम उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. याच्या उलटही होतं. रस सुरू झाला म्हणून गोळी परस्पर बंद केली जाते, आणि सहा महिन्यांनी पायाची जखम भरत नाही तेव्हा साखर तपासली जाते. भाजीत कारलं खा, थेपल्यात मेथी घाला, त्याला कुणाची ना नाही. प्रश्न येतो तो औषध म्हणून रोज मापानं घेण्याचा.

ज्येष्ठमधाचंही तसंच. घसा बसला तर एखादा तुकडा चघळणं वेगळं, आणि महिनोन्‌महिने चमचाभर पूड खाणं वेगळं. ज्येष्ठमध अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतं, त्यानं रक्तदाब चढतो. ज्यांना आधीच रक्तदाबाची गोळी आहे, त्यांनी ते रोज घेऊ नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी लसूण, हळद, आलं यांच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फोडणीतल्या लसणीला कुणी घाबरायचं कारण नाही. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपायचं, कारण त्या गोळ्यांचा भार यकृतावर पडतोच, त्यावर आणखी कसला काढा नको.

गुळवेल तर आपल्या ओळखीची. कोरोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा उकळत होता. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर म्हटलं, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल चुकून घेतली गेली असावी. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांना करू द्या. आपल्या कामाच्या गोष्टी दोन. वेल नक्की ओळखता येत नसेल तर तोडायची नाही. आणि कुठलाही काढा "प्रतिकारशक्तीसाठी" म्हणून महिनोन्‌महिने प्यायचा नाही. डोळे पिवळे, लघवी गडद पिवळी, अन्नावरची वासना गेलेली असं दिसलं तर काढा तिथंच थांबवायचा आणि डॉक्टरांना तो घेत होतो हे सांगायचं.

काविळीचं नाव निघालंच आहे तर तिच्या माळेबद्दलही बोलू. गळ्यात माळ घालतात, ती दिवसागणिक लांब होत जाते आणि कावीळ "उतरते". माळेतल्या काड्या ओल्या असतात. वाळल्या की आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांब होते. निरोगी माणसाच्या गळ्यात घाला, तरी लांब होईल. मग माणूस बरा कसा होतो? घाणेरड्या पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या आठवड्यांत जे काही केलं, त्याला श्रेय मिळतं. पण सगळ्याच काविळी तशा नसतात. गरोदर बाईला काविळीचा एक प्रकार जिवावर बेततो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची कावीळ वाढली तर मेंदूला इजा होते, आणि दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यानं ती उतरवता येते. तिथं माळेची वाट बघत बसायला वेळ नसतो. नाकात थेंब टाकणं आणि पोटावर डागणं याबद्दल एकच सांगतो, ते करूच नका.

आता बाळगुटी. हा विषय काढला की बैठकीत आवाज चढतो, कारण आपण सगळ्याच गुटीवर वाढलो. सहाणेवर आईच्या दुधात मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ, सुंठ, हिरडा, बदाम, खारीक यांचे वेढे उगाळायचे आणि बाळाला चाटवायचे. यामागची माया आम्हालाही कळते. तरी आमचं मत स्पष्ट आहे, सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्यायचं. वेढा किती उगाळला गेला, याला माप नसतं. जायफळ जरा जास्त झालं की बाळ गुंगतं, आणि आपण म्हणतो, गुटीनं कसं शांत झोपलं. वेखंडानं तान्ह्या बाळांना खूप उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत. सहाण, उगाळणारं बोट, डब्यात पावसाळाभर राहिलेले वेढे, यांतून जंतू जातात ते वेगळंच. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवायचा नाही. त्यात असू शकणारे एका जातीचे जंतू मोठ्यांना काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी यावरून भांडण नको. तेलमालीश, शेक, अंगाई या गोष्टी त्यांच्याइतक्या कुणाला जमत नाहीत. ते काम त्यांना द्या आणि गुटीचं आशाताईंना बोलू द्या.

बाळंतिणीला मात्र अळीव, डिंक, मेथीचे लाडू, बाळंतशोप जरूर द्या. पोषण आहे, मायाही आहे. फक्त लाडवांमुळे लोहाच्या गोळ्या बंद नकोत. गरोदरपणात 180 आणि बाळंतपणानंतर 180, या गोळ्या सरकारकडून मिळतात त्या घ्यायच्याच. गरोदरपणी कोरफडीचा रस, एरंडेल, अडुळशाचा काढा टाळावा. पोट जोरात साफ करणारं किंवा गर्भाशयाला कळा आणू शकणारं काहीही त्या दिवसांत नको.

आता आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती बाजाराच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या पुडीची. गुडघेदुखीवर नाव नसलेली पूड किंवा काळ्या गोळ्या. दोन दिवसांत दुखणं गायब. म्हातारी काठी टाकून चालायला लागते. झाडपाला इतक्या झटकन काम करत नाही, म्हणून इथंच शंका यायला हवी. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली वेळोवेळी सापडली आहे. काही महिन्यांत चेहरा गोल, सुजल्यासारखा होतो. भूक वाढते, घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. आत साखर आणि रक्तदाब चढत असतात, हाडं ठिसूळ होत असतात, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं पडतं. आणि एक महत्त्वाचं, अशी पुडी खूप दिवस घेतली असेल तर एका दिवसात बंद करू नका. स्टेरॉइड अचानक सोडल्यानं जीव धोक्यात येऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

धातूंचाही प्रश्न आहे. 2008 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा साधारण पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा सोमल सापडला. शिसं गर्भातल्या आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. भस्म घातलेलं औषध म्हणूनच शिकलेल्या वैद्यांच्या हाताखालीच घ्यायचं.

डबी विकत घेताना ती उलटी करून वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला लावा. आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख हवी. बचनाग, धोतरा, कुचला, बिब्बा अशा विषारी वस्तूंचं औषध असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्या, अशी सूचना छापलेली हवी. बिब्ब्याचं तर सांगायलाच नको, टाचेला लावताना कातडी भाजलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. ताकदीची पावडर म्हणून जे डबे साखळी पद्धतीनं आपल्यालाच विकायला देतात, त्यांवर बहुधा एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक असतो. म्हणजे कायद्यानं ते अन्न आहे, औषध नाही. "औषधी वापरासाठी नाही" असं बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. विकणारा मात्र तोंडानं साखर, सांधे, कर्करोग सगळं बरं होईल म्हणतो. मधुमेह, कर्करोग, लकवा, रक्तदाब अशा आजारांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे.

हा नियम आपल्यालाही लागू आहे, बरं का. बरेच गट शेवग्याच्या पानांची पावडर, अळिवाचे लाडू, आवळा कँडी करून विकतात. छान धंदा आहे. अन्न म्हणून नोंदणी करा आणि अन्न म्हणूनच विका. पाकिटावर "शुगरवर रामबाण" असं छापलं तर ते औषध ठरतं, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि त्या चार शब्दांवर विसंबून कुणी गोळी सोडली तर त्याचा भार आपल्या गटावर.

दवाखान्यात जाताना चालू असलेलं सगळं पिशवीत घालून न्या, गोळ्या, काढा, पूड, सगळं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर हे आधीच सांगा. साप चावला तर पाला चोळण्यात वेळ घालवायचा नाही, ज्या अंगाला चावला ते हलू न देता थेट रुग्णालय गाठायचं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, तिखट-चुना भरायचा नाही, आणि त्याच दिवशी लस घ्यायची. दुधीचा रस कडू लागला तर पहिल्या घोटालाच थुंकून टाका, कडू दुधीनं माणसं दगावली आहेत. पोरानं धोतऱ्याचं बोंड किंवा पिवळ्या कण्हेरीची बी खाल्ली तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. 108 ला फोन करा, आणि जे खाल्लं त्याची फांदी, फळ, उरलेली बी सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखायला वेळ लागणार नाही.