एकगठ्ठा नसलेली मतं

२९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधल्या साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी आश्रयाला आलेला मुसलमान आहे, अशी अफवा काही तासांत सुटली आणि दुसऱ्या संध्याकाळी जमावाने तिथल्या मशिदीवर विटा फेकल्या. प्रत्यक्षात तो मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडातून आलेले. हे कळेपर्यंत दंगल गावोगाव पोचली होती. ही अफवा निदान खोटी ठरली. ब्रिटिश मुसलमानांच्या मतदानाबद्दलचे गैरसमज जास्त चिवट आहेत, कारण त्यातले काही विरोधकांनी पसरवले असले तरी काही समाजाने स्वतःच जपले आहेत.

गैरसमज : मशीद सांगेल तिकडे एकगठ्ठा मतं जातात.

ब्रॅडफर्डमध्ये पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरहून आलेल्या कुटुंबांत बिरादरीतले वडीलधारे मतं ठरवत आणि मजूर पक्ष ती खिशात असल्यासारखा वागे, हे खरं आहे. पण २०१२ च्या पोटनिवडणुकीत बिरादरीच्या कारभाराला कंटाळलेल्या तरुणांनी आणि बायकांनी मजूर पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जॉर्ज गॅलोवे यांना दहा हजारांच्या मताधिक्याने निवडून आणलं. तीनच वर्षांनी त्याच मतदारसंघाने त्यांना मजूर पक्षाच्या नाझ शाह यांच्याकडून ११,४२० मतांनी पाडलं.

२०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत गाझाच्या प्रश्नावरून चार मुस्लीम अपक्षांनी मजूर पक्षाच्या उमेदवारांना हरवलं. ब्लॅकबर्नमध्ये फरक होता १३२ मतांचा. वर्तमानपत्रांना ‘मुस्लीम व्होट बँक’ सापडली ती तेव्हा. पण त्याच रात्री पूर्व लंडनमध्ये मजूर पक्षाच्या रुशनारा अली १,६८९ मतांनी का होईना, टिकल्या. आधीच्या खेपेला त्यांचं मताधिक्य ३७ हजारांवर होतं, म्हणजे राग होताच. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले अपक्ष स्वतः इमाम होते. मशिदीचा शब्द अखेरचा असता तर निदान ही जागा तरी गेली असती. रॉचडेलमध्ये गॅलोवे त्याच वर्षी फेब्रुवारीतली पोटनिवडणूक जिंकले आणि जुलैतल्या सार्वत्रिक निवडणुकीत हरले.

आणि झिया युसुफ यांचं काय करायचं? स्थलांतरावर सर्वांत कडक बोलणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाचे ते २०२४ मध्ये अध्यक्ष झाले. स्वतः मुसलमान, आईवडील श्रीलंकेचे. मे २०२५ मध्ये रंकॉर्नची पोटनिवडणूक हा पक्ष अवघ्या ६ मतांनी जिंकला. नव्या खासदारबाईंनी जूनमध्ये पंतप्रधानांना पहिलाच प्रश्न विचारला तो बुरख्यावर बंदी घालण्याचा. जे आपला पक्ष स्वतः करणार नाही ते पंतप्रधानांना विचारणं मूर्खपणाचं आहे, असं युसुफ दुसऱ्या दिवशी जाहीरपणे म्हणाले, त्याच दिवशी अध्यक्षपद सोडलं आणि दोन दिवसांत दुसऱ्या जबाबदारीवर परतले. या गृहस्थांना कुठल्या गठ्ठ्यात बांधणार?

गैरसमज : मुस्लीम वस्तीतलं मतदान म्हणजे घोटाळा.

घोटाळे झालेत, ते झाकण्यात अर्थ नाही. बर्मिंगहॅममध्ये २००४ साली टपाली मतं पळवली गेली. पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सचे महापौर लुत्फुर रहमान यांची निवड न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली आणि त्यांना पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी केली. मात्र ती निवड रद्द करण्याचा अर्ज केला होता चार सामान्य मतदारांनी, आणि त्यातले एक ब्रिक लेनवरचे बांगलादेशी वंशाचे हॉटेलवाले होते. लोकांनी रहमान यांना २०२२ मध्ये पुन्हा निवडून दिलं, हीही त्याच गोष्टीची पुढची, जरा अडचणीची बाजू.

गैरसमज : मुसलमान वाढले, म्हणजे मतं वाढली.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये मुसलमान सुमारे ३९ लाख, म्हणजे ६.५ टक्के होते. पण एकूण लोकसंख्येचं मध्यक वय ४०, तर मुसलमानांचं २७. यातल्या कितीतरी जणांचं मतदानाचं वयच झालेलं नव्हतं.

गैरसमज : मतदान हराम आहे.

२०१५ मध्ये कट्टरपंथी प्रचारक अंजेम चौधरीच्या टोळक्याने ‘मुसलमान राहा, मत देऊ नका’ असा प्रचार केला. पुढच्याच वर्षी आयसिसला पाठिंबा दिल्याबद्दल चौधरी तुरुंगात गेला. मुख्य प्रवाहातल्या मशिदी आणि संघटना उलट नावनोंदणीच्या मोहिमा चालवतात.

गैरसमज : अतिउजवे येणारच, आपल्या एका मताने काय होतं?

बार्किंग आणि डॅगनममध्ये २००६ साली बीएनपी (ब्रिटिश नॅशनल पार्टी) या उघड वंशवादी पक्षाचे १२ नगरसेवक निवडून आले. २०१० मध्ये बाराही पडले. त्या वेळी कार्यकर्ते दारोदार फिरले होते, आणि संसदेची निवडणूक त्याच दिवशी असल्याने मतदानही वाढलं होतं. रिफॉर्मला ‘अतिउजवे’ हे लेबल लावताना मी हात आखडता घेतो. तो पक्ष ते नाकारतो आणि बीबीसीने २०२४ मध्ये तसं म्हटल्याबद्दल माफी मागितली होती. त्यांचं गणित मात्र पाहण्यासारखं आहे : २०२४ मध्ये १४.३ टक्के मतं, जागा ५, पण ९८ मतदारसंघांत दुसरा क्रमांक. अशा ठिकाणी निकाल थोडक्या मतांवर फिरू शकतो.

गैरसमज : मत फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्याला.

हा आपल्याकडच्या लोकांत सर्रास आढळतो. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा राष्ट्रकुलातला प्रौढ नागरिक संसदेसाठीही मत देऊ शकतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेला पुण्याचा इंजिनीअर आणि लाहोरची नर्स, दोघंही यात आले. साम्राज्यातले सगळे ‘ब्रिटिश प्रजा’ मानले जात, त्या काळापासूनचा हा हक्क आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ५ मतांनी संसदेत गेले ते याच आधारावर.

नाव आपोआप चढत नाही. पूर्वी घरातला कर्ता एका फॉर्मवर सगळ्यांची नावं भरायचा. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतः नोंदवायचं असतं. मोठ्या एकत्र कुटुंबांत ‘अब्बांनी भरलं असेल’ म्हणून राहून जातं ते इथेच. मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी यादी बंद होते. २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं : भारतीय किंवा पाकिस्तानी पासपोर्ट चालतो, चेहरा ओळखू येत असेल तर मुदत संपलेलाही, विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. बुरखा घालणारी बाई आडोशाला चेहरा दाखवण्याची, आणि हजर असेल तर महिला कर्मचाऱ्याची, मागणी करू शकते.