चर बुजवण्याआधी फोटो काढा

तर मंडळी, नवीन घर बांधताय आणि मीटरपासून घरापर्यंत केबल जमिनीखालून न्यायचीय? मग आर्मर्ड केबलच घ्या, म्हणजे आत पोलादी कवच असलेली. चर अडीच फूट खोल. तळाला वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग आडव्या विटा. विटा कशाला? उद्या कोणी झाड लावायला पहार मारली, तर ती आधी विटेवर आपटते आणि खणणारा थांबतो. इथे पैसे वाचवू नका, जिवाशी खेळ आहे. इंटरनेटची फायबर वेगळ्या पाइपातून, फूटभर लांब. एक रिकामा पाइपही टाका, आत नायलॉनची दोरी ओवून. कॅमेरे, गेटची मोटर पुढे येतेच. वायरमन म्हणेल, ‘माझ्या लक्षात आहे.’ असू दे! भिंतीपासून मेजरिंग टेप धरून फोटो काढा आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.