टरफलांचा कोळसा आणि प्रोसेसचं पाणी

भुईमुगाच्या टरफलांपासून कोळसा करून रंगाचं पाणी निवळायचं, हा प्रयोग आमच्या इचलकरंजीत कॉलेजची मुलं हौसेने करतात. मी रसायनशास्त्र शिकवते. टरफलं धुऊन, वाळवून, कुटून फॉस्फोरिक आम्लात रात्रभर भिजवायची, झाकलेल्या मुशीत साधारण 500 अंश सेल्सियसला तापवायची आणि आम्ल निघेपर्यंत धुवायची. हाती येतो तो सक्रिय कोळसा. त्याची छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या भिंती उलगडून मांडल्या तर चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जागा भरेल. रंगाचे रेणू या भिंतींना चिकटतात.

मुलं पाण्यात घालतात मेथिलीन ब्लू. बाटली हलवत ठेवली की तासाभरात निळं पाणी नितळ होतं आणि वहीत नव्वदच्या वरचे टक्के चढतात. हा रंग धनभारित असतो आणि आम्लात केलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर बहुधा ऋणभार असतो, म्हणून दोघांचं लगेच जमतं. पण इथल्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांत, सुती कापड मेथिलीन ब्लूने कोण रंगवतं? तिथे चालतात रिॲक्टिव्ह रंग. 1956 साली बाजारात आलेले हे रंग सुताशी रासायनिक बंध जोडतात, म्हणूनच कपडा धुतला तरी टिकतात. रंग सुताकडे ढकलायला मीठ लागतं, गडद छटेला लिटरमागे 50 ग्रॅम किंवा त्याहून जास्त. मग रंग पक्का करायला सोडा. तरीही बराच रंग सुताला न लागता पाण्यातच राहतो.

ते पाणी अल्कधर्मी, खारट आणि त्यातला रंग ऋणभारित. मेथिलीन ब्लू झटक्यात ओढणारा कोळसा इथे अडखळतो, कारण सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. आम्ल घालून पाण्याचा सामू उतरवला की कोळशाची पकड सुधारते. पण त्या आम्लाचा खर्च अहवालात मांडायला हवा. वापरलेल्या कोळशाचं काय करणार, हेही लिहायला हवं, कारण रंग त्यात तसाच साठलेला असतो. तो उकिरड्यावर टाकून कसं चालेल?

माझा आग्रह एवढाच, की प्रयोग प्रोसेसच्या खऱ्या पाण्यावर करा. आणि रंग शून्यावर आला तरी तिथे थांबू नका. त्याच पाण्यात विद्युतवाहकता मोजणारं यंत्र बुडवा. आकडा फारसा हललेला नसतो, कारण कोळसा मीठ धरत नाही. हे पाणी पुढे पंचगंगा नदीत जातं, आणि तिच्या खालच्या अंगाला शिरोळ तालुक्यात जमिनी आधीच क्षारपड होत चालल्या आहेत. तिथल्या शेतकऱ्याला पाण्याचा रंग दिसतो, मीठ दिसत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांच्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात.