भूगोल घेतला? मग आराखड्यापर्यंत चला!

कळसाडीसारख्या गावातून कॉलेजला जाणाऱ्या पोरानं बी.ए.ला भूगोल घेतला की घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे मास्तर होणार?" मास्तर जरूर व्हावं. पण गावं नि शहरं कुठे, कशी वाढावीत हे जिथे ठरतं, तिथेही भूगोलवाल्याचा हक्क आहे. पुरावे भरपूर आहेत, आणि मजेदारही!

ब्रिटनचे डडली स्टॅम्प बघा. रंगूनला प्राध्यापकी करून मायदेशी परतलेल्या या भूगोलतज्ज्ञानं १९३०च्या दशकात शाळकरी मुलांच्या हाती नकाशे दिले. कुठे पीक, कुठे कुरण, कुठे झाडी, हे पोरांनी शिवार तुडवून भरलं. त्यातून देशभरच्या जमीनवापराचा नकाशा तयार झाला. पुढे ग्रामीण जमिनीच्या वापराचा विचार करायला सरकारनं समिती नेमली, तेव्हा उपाध्यक्ष कोण? स्टॅम्पच.

नियोजन कचेऱ्यांतलं जीआयएस, म्हणजे संगणकावरची नकाशा-प्रणाली, कुठून आलं? त्याचे जनक मानले जाणारे रॉजर टॉमलिन्सन हेही भूगोलाचेच पदवीधर. कॅनडाला आपल्या अफाट जमिनीचा हिशेब मांडायचा होता. हातानं नकाशे करायचे तर खर्च नि माणसं आवाक्याबाहेर, म्हणून त्यांनी १९६०च्या दशकात ते काम संगणकावर घेतलं.

आता घरचा नकाशा. शहादा-नंदुरबारचा परिसर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या '४६ के' या पट्ट्यात येतो. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. एक हेक्टरचं शेत तिथे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, जेमतेम २ मिलिमीटरचा चौकोन! पण सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा वाचता आल्या की सगळं बोलू लागतं. सातपुड्यात रेषांची दाटी, तापीकडे उतरताना त्या विरळ. बंधारा कुठे टिकेल, शाळा नाल्याच्या पुरात कुठे सापडेल, रस्ता कुठून स्वस्तात जाईल, हे जागेवर जाण्याआधीच बरंचसं कळतं. भूगोलाचा विद्यार्थी हे प्रात्यक्षिकाच्या तासाला शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

शेजारच्या शिरपूर तालुक्यात जमीन वाचण्याचं मोल दिसलं. भूजलशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकरांनी २००४पासून तिथे नाले रुंद नि खोल केले. गाळाच्या जमिनीत पाणी मुरू न देणारा चिकणमातीचा थर फोडला, तेव्हा ते खालच्या वाळूपर्यंत पोहोचलं. 'शिरपूर पॅटर्न' म्हणतात तो हाच. खानापूरकर भूगोलाचे नव्हेत, भूगर्भशास्त्राचे. पण ही भावकी जवळचीच.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. माणसाला नंबर मिळाला, आता पाड्याला नकाशावर जागा हवी! अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांनुसार पाडा-वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते. मग त्याची हद्द, पाणवठे, वाटा कागदावर नीट आखायला नकोत? स्थानिक बोली जाणणारा भूगोलाचा पदवीधर या कामाला सगळ्यात योग्य.

वाट कशी? इथे फसू नका. नुसत्या बी.ए.वर सरकारी नगररचनाकार होता येत नाही. एमपीएससीतर्फे भरल्या जाणाऱ्या सहायक नगररचनाकार पदाला स्थापत्य, वास्तुशास्त्र, नियोजन अशा पदव्या लागतात. पण एम.ए. भूगोल केलं की दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या संस्थेत नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दार उघडतं. प्रत्येक भरतीची जाहिरात मात्र बारकाईनं वाचायची. पुढे सल्लागार संस्था आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, जीआयएसची कामं आहेत.

तयारीला एम.ए.ची वाट बघायची गरज नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. इस्रोच्या 'भुवन'वर उपग्रहचित्रं आहेत. आपल्याच गावच्या विहिरी, हातपंप, पांद रस्ते त्यावर मांडा आणि तो नकाशा पुढच्या ग्रामसभेत, आराखड्याचा विषय निघाला की, सरपंचांपुढे ठेवा.